केलमियरची हातोडी

१४ सप्टेंबर १९७८, गुरुवार

दुपारी वाचनालयाच्या संदर्भ विभागात एक म्हातारी आली. डोक्यावर निळी लोकरीची टोपी, काखेत बायबल. ते माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "तिकिटांवरचे शिक्के वाचणारी बाई इथं बसते म्हणे. तुम्हीच का त्या मिस मिलरॉय? मला वाटलं होतं चष्मा आणखी जाड असेल."

नाव मिसेस डनफर्ड, माहेरची विनिफ्रेड टिब्स, वय ब्याऐंशी. १९०६ साली लंडनच्या एका अनाथाश्रमानं तिला आणि तिच्या भावाला बोटीत बसवून इकडे ऑन्टारिओत पाठवलं. ती दहा वर्षांची, आल्बर्ट आठचा. इथल्याच स्टेशनवर त्यांना दोन वेगवेगळ्या घोडागाड्यांत चढवलं, दोन वेगवेगळ्या शेतांवर कामाला. मग भेट नाही. तीन वर्षांनी त्याचं एक पत्र आलं, तेवढंच. पत्रावर पत्ता नाही, गावाचं नाव नाही. पाकीट मालकिणीनं चुलीत टाकलं. त्याआधी विनिफ्रेडनं तिकिटाचा कोपरा फाडून घेतला, कारण त्यावर राजा होता. तो कोपरा सत्तर वर्षं बायबलात आहे.

लाल, दोन सेंटचं, सातव्या एडवर्डचं. वर तुटक वर्तुळाचा शिक्का, खेड्यातल्या पोस्टांना मिळायचा तसा. तारीख स्पष्ट: ११ मार्च १९०९. खाली ऑन्टारिओची खूण. गावाच्या नावाची मात्र शेवटची अक्षरंच उरली आहेत, '…मियर'. बाकीचं नाव चुलीत गेलं.

पत्र तिनं मला उतरवून घेऊ दिलं. आठच ओळी आहेत. मी बरा आहे. इथं तिन्ही बाजूंनी पाणी आहे. मी बर्फ कापतो. मालकांचे जुने हातमोजे मिळाले, मोठे होतात. मोठा झालो की तुला न्यायला येईन.

ती म्हणाली, "मला फक्त गाव सांगा. बाकीचं मी बघते."

मी म्हणाले, प्रयत्न करीन, वचन देत नाही. त्यावर ती म्हणाली की तिच्या वयाला कुणी वचन देतही नाही.

२६ सप्टेंबर

'मियर'नं संपणारी सात गावं सापडली. त्यातली तीन १९०९च्या आधीच मोडली होती, म्हणजे चार उरली. या हातोड्या (शिक्क्याच्या दांड्याला आम्ही हातोडीच म्हणतो) हातानं कोरलेल्या असत, त्यामुळे एकीसारखी दुसरी नसते. अक्षरांतलं अंतर, वर्तुळाच्या तुटक टोकापासून शेवटच्या अक्षरापर्यंतचं अंतर, सगळं मोजून ठेवलं. तीनदा मोजलं. दोनदा सारखं आलं, एकदा केसभर वेगळं. म्हणून चौथ्यांदा मोजलं.

८ ऑक्टोबर, रविवार

थँक्सगिव्हिंगचं जेवण लाइल हचिंग्जकडे. लाइलनं तीस वर्षं रेल्वेच्या टपाल डब्यात उभ्यानं पत्रं लावली. आमच्या शिक्के-अभ्यास मंडळाचा तो अध्यक्ष आहे. मी चिमटा आणि पारदर्शक मापपट्टी बरोबर नेली होती. तो बायकोला म्हणाला, "डोरीन, टर्कीचा तुकडा वाढताना जपून. मापाडीबाई मोजून घेतील."

भोपळ्याची गोड पेस्ट्री खाऊन झाल्यावर त्यानं आपल्या वह्या काढल्या. तिसऱ्या वहीत केलमियरचं १९०३चं पाकीट होतं. घड्याळात चार वाजतात त्या जागी बाहेरच्या रेघेला एक बारीक खाच. मिसेस डनफर्डच्या तुकड्यावर त्याच जागी तीच खाच. मापं तंतोतंत. लाइलनं भिंगातून बराच वेळ पाहिलं, मग म्हणाला, "या हातोडीच्या बापाचं नाव विचारायलाच नको. लावून टाक लग्न."

पोस्टांच्या छापील यादीत केलमियर: १८८७ ते १९१२. तारीख मधेच बसते.

मला इतका आनंद झाला की घरी येताना एक वळण चुकले.

२१ ऑक्टोबर, शनिवार

मिसेस डनफर्डला घेऊन केलमियरला गेले. दीड तासाची वाट. चार घरं, एक बंद गिरणी, एक प्रेस्बिटेरियन चर्च. चर्चची चावी राखणाऱ्या बाईंनी दफनाची नोंदवही काढून दिली. मी पानं उलटत होते, ती शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. १९०९, एप्रिलच्या १९ तारखेला: 'होमचा मुलगा, मॅकनॅबच्या शेतावर, तापानं. वय अंदाजे अकरा.' होम म्हणजे अनाथाश्रम; नाव लिहिलेलं नाही.

पत्र मार्चचं. त्यानंतर पत्र नाही. वय अकरा.

मी वही तिच्यासमोर सरकवली. तिनं वाचली. मग उठून कुंपणाच्या कडेला गेली, जिथे खुणा नसलेल्या कबरी आहेत. मी मागून गेले. तिनं विचारलं, "इथं पाणी कुठं गं?"

मी सांगितलं की गिरणीसाठी बांध घातलेला असणार, तळं असणार, आता आटलं असेल. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला तळं म्हणजे समुद्रच. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. घराशी उतरताना म्हणाली, "तू मला विनी म्हण." मला जमणार नाही, मी मिसेस डनफर्डच म्हणणार.

४ नोव्हेंबर, शनिवार

जमीन गोठायच्या आत दगड बसवला. करड्या ग्रॅनाइटचा, लहानसा. आल्बर्ट टिब्स, विनिफ्रेडचा भाऊ, १८९८–१९०९. दगड बसवणाऱ्यानं टोपी काढून विचारलं, काही म्हणायचं आहे का. ती म्हणाली, "काही नाही. थंडी वाजत असेल पोराला, माती नीट दाबा."

शेजारच्या रिकाम्या पट्ट्याकडे बघत तिनं मला विचारलं, होमची पोरं अशी किती गेली असतील, नावाशिवाय. मी आकडा शोधून देते म्हणाले.

७ डिसेंबर, गुरुवार

आता दर गुरुवारी साडेचारला वाचनालय सुटलं की मी तिच्याकडे चहाला जाते. ती लोणी-साखर भरलेली गोल बटर टार्टं करते आणि मला दोन खायला लावते. माझ्या मोजण्याची थट्टा करते. आज टार्ट ताटलीत ठेवून म्हणाली, "आधी व्यास घे, मग खा." तिनं मला राखाडी हातमोजे विणून दिले. आई गेल्यापासून माझ्यासाठी कुणी काही विणलं नव्हतं. ही नोंद करण्यासारखी गोष्ट नाही, पण केली.

'केलमियरची हातोडी आणि एका पत्राचा शोध' हा माझा लेख मंडळाच्या पत्रिकेनं स्वीकारला. लाइल म्हणतो, वसंतातल्या प्रदर्शनात त्याला पदक मिळेल. मला पदकाचं काही नाही.

९ जानेवारी १९७९, मंगळवार

क्रमानं लिहिते. पुढे मी यात आपल्या सोयीनं फेरफार करू नये म्हणून.

सकाळी लाइलचा फोन. त्यानं टोरंटोच्या लिलावातून एक जुनं खोकं घेतलं. त्यात केलमियरचा शिक्का असलेलं एक पाकीट, २ फेब्रुवारी १९०९, आत पत्र. तो म्हणाला, "येऊन वाच. फोनवर नाही सांगत." त्याच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती.

पत्र एका लाकूडतोड्याच्या बायकोनं बहिणीला लिहिलेलं. वर गावाचं नाव: बार्कर्स लँडिंग. इथून एकशेचाळीस मैल उत्तरेला, सरोवरात घुसलेल्या जमिनीच्या जिभेवर. तिनं लिहिलं आहे की आमच्याकडे अखेर पोस्ट आलं; केलमियरचं पोस्ट बंद झालं म्हणून तिथला पोस्टमास्तर इकडे आला, आणि ओटावाहून नवा शिक्का येईतो केलमियरचाच जुना शिक्का मारतो; तेव्हा पाकिटावरचं नाव बघून आम्ही घर बदललं असं समजू नकोस.

खाच घड्याळातल्या चारच्याच जागी.

माझं माप बरोबर होतं. तेच वाईट. हातोडी केलमियरचीच होती, फक्त ती केलमियरला नव्हती.

तिन्ही बाजूंनी पाणी. तो बर्फ कापत होता. मी त्याला आटलेल्या तळ्यावर नेऊन बसवलं.

११ जानेवारी, गुरुवार

चहाला गेले. सांगितलं नाही. तिला पडसं झालं आहे. शिवाय एका पाकिटावरून निष्कर्ष काढणं म्हणजे पहिलीच चूक पुन्हा करणं. यादीत केलमियर १८८७ ते १९१२ आहे, मधे बंद असल्याचा उल्लेख नाही. खात्री करायला हवी. टपाल खात्याचा त्या वर्षाचा अहवाल ओटावाहून मागवला.

१८ जानेवारी, गुरुवार

पडसं बरं. बाहेर उणे सव्वीस. तिनं विचारलं, "चेहरा असा का? टार्ट बिघडलंय का?" मी म्हणाले, झोप कमी झाली. अहवाल अजून आला नाही.

२५ जानेवारी, गुरुवार

तिनं आज केलमियरच्या पोराबद्दल विचारलं. ती त्याला आल्बर्ट म्हणाली नाही, पोरगा म्हणाली. बर्फ वितळला की त्याच्याकडे जाऊ, बरोबर पिवळे डॅफोडिल नेऊ. मी हो म्हणाले.

२ फेब्रुवारी

अहवाल आला. केलमियरचं पोस्ट ३० सप्टेंबर १९०८ला बंद, ऑगस्ट १९०९मध्ये पुन्हा सुरू. बार्कर्स लँडिंग नोव्हेंबर १९०८मध्ये सुरू. छापील यादीत पहिली आणि शेवटचीच वर्षं असतात हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. मंडळातल्या नवख्यांना ते मीच बजावत असते. या वेळी अहवाल उघडला नाही, कारण तोपर्यंत कबर सापडली होती. कबर सापडल्यावर पोस्ट कोण शोधतो?

लाइलला फोन केला. तो म्हणाला, "चूक पत्रिकेत छापून टाकू, दोन ओळी. शिक्केवाल्यांत हे चालायचंच. पण म्हातारीला तू सांगितलंस ना?"

मी म्हणाले, सांगणार आहे.

"हे बघ वर्ना, मी तीस वर्षं पत्रं लावली. उशिरा पोचलेल्या पत्राबद्दल लोक आम्हाला शिव्या द्यायचे, चुकीच्या गावी गेलेल्यापेक्षा जास्त."

मला ते लागलं. त्याला काय माहीत, कुणी एखाद्या दगडावर किती शांतपणे हात ठेवला होता ते. ती आता निवांत आहे. एवढ्या वयाच्या बाईचा निवांतपणा काढून घ्यायचा हक्क मला कुणी दिला? आणि देणार काय? एक दुसरं गाव, रिकामं. त्या दुसऱ्या मुलाचंही आहेच. त्याला आता नाव आहे, भेटायला येणारं माणूस आहे. हे सगळं मी स्वतःसाठी म्हणत नाही, हे मी तपासून पाहिलं आहे.

८ फेब्रुवारी, गुरुवार

गेले नाही. वाचनालयात काम होतं, असं कळवलं. काम नव्हतं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या टेबलापासून प्रांतातल्या सगळ्या टेलिफोन-पुस्तकांचा कपाटखण बारा पावलांवर आहे. आज मोजली. महिनाभर मी त्या बाजूनं जायचं टाळत होते हेही आजच लक्षात आलं. वर्गीकरणाचं काम डाव्या बाजूला असतं म्हणून असेल.

दुपारी उत्तरेकडचं पुस्तक काढलं. बार्कर्स लँडिंगखाली एकोणतीस नावं. त्यात: टिब्स, डब्ल्यू.

विल्यम असेल, वॉल्टर असेल. टिब्स आडनाव इतकं दुर्मीळही नाही. फोन करवला नाही. अनोळखी माणसाला फोनवर असं विचारणं बरं नव्हे. घरी येऊन पत्र लिहिलं, चार वेळा खरडून. उगाच कुणाच्या आशा वाढू नयेत अशा बेतानं.

१४ फेब्रुवारी

पत्र टाकलं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

गेले. ती थकलेली दिसली. टार्ट तिनं केलं नव्हतं, दुकानातली बिस्किटं होती. म्हणाली की आता उभं राहिलं की पाय पिठासारखे होतात. डॉक्टर हृदय म्हणतात. मी तिचे कप धुतले. उत्तर येईपर्यंत बोलण्यात अर्थ नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर आलं. दोन्ही बाजूंनी लिहिलेली चार पानं. वाचून झाल्यावर मी कोट काढायला विसरले होते, तशीच तासभर बसले.

आल्बर्ट टिब्स बार्कर्स लँडिंगला १९०७पासून होता. मोठा झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेला, परत आला, तिथंच घर बांधलं, नावा बांधायचा. १९६१च्या ऑक्टोबरात वारला. पत्र त्याच्या मुलीचं, तिनं लग्न केलेलं नाही. ती लिहिते की बाबांनी बहिणीला पुष्कळ पत्रं घातली. त्यातली सात 'इथे राहत नाही' असा शेरा मारून परत आली, ती अजून डब्यात आहेत. अनाथाश्रमाला लिहिलं तर नोंदी मिळत नाहीत असं उत्तर आलं. लढाईवरून आल्यावर ते स्वतः बहिणीच्या त्या शेतावर गेले; तिथे दुसरीच माणसं होती. लग्नानंतरचं आडनाव कुणालाच ठाऊक नव्हतं. खाली सही: विनिफ्रेड टिब्स.

सात परत आलेली पाकिटं म्हटल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहून ठेवते: त्यांवरचे शिक्के कुठले असतील. पूर्ण एक सेकंद. मग लाज वाटली.

१९०९च्या वसंतात मिसेस डनफर्डला त्या शेतावरून हलवलं होतं. तिनं हे मला नोव्हेंबरातच सांगितलेलं होतं; पुढची पत्रं तिला मिळणं शक्यच नव्हतं.

१ मार्च, गुरुवार

सांगितलं.

ती खिडकीपाशी खुर्चीत होती, गुडघ्यांवर घोंगडी. मी आधी हातोडीचं सांगितलं, मग पोस्टमास्तरचं, मग अहवालाचं. ती म्हणाली, "मला मापं नकोत. माणसाचं सांग." मग मी पत्र वाचून दाखवलं. सही वाचल्यावर तिनं माझ्या हातातून ते घेतलं आणि त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसली.

मी सांगितलं की केलमियरची चूक सर्वस्वी माझी, आणि मी त्याबद्दल दगडाचा खर्च परत देईन. तिनं हात झटकला. म्हणाली की केलमियरचा पोरगा आल्बर्ट नाही हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती जन्मभर शेतावर राबली, आटलेलं तळं कसं दिसतं ते तिला कळतं. तिथं कधी पाणी नव्हतंच. पण त्या पोराचं कुणी नव्हतं, आणि तिच्याजवळ भाऊ नव्हता; म्हटलं, जमवून घेऊ. मी एवढं दमून शोधलं होतं, तर तिला मला हिरमुसलं करायचं नव्हतं.

मला हायसं वाटलं. इतकं, की मी हसले असेन.

मग तिनं विचारलं, "हे दुसरं पाकीट कधी सापडलं?"

मी म्हणाले, नऊ जानेवारीला.

तिनं बोटं मोजली. खरोखर बोटं मोजली, घोंगडीवर. "सात आठवडे," ती म्हणाली. "सात आठवडे तुम्ही माझ्यासमोर चहा प्यायलात."

मी खात्री करण्याबद्दल बोलू लागले.

"चूक कुणाचीही होते, मिस मिलरॉय. माझा जन्म चुकांत गेला, दुसऱ्यांच्या. पण मला काय सोसेल, मला कधी सांगायचं, हे लहानपणापासून दुसऱ्यांनीच ठरवलं. त्या स्टेशनवर एका बाईनं सांगितलं, भाऊ पुढच्या गाडीनं येतोय, रडू नकोस. तीही चांगलीच बाई होती. तिच्याकडेही कागद होते. मी ब्याऐंशीची आहे. तुम्हाला उसने द्यायला माझ्याकडे आठवडे नाहीत. या आता."

पत्र तिनं ठेवून घेतलं. मी कप धुवायला उचलले, तर म्हणाली, राहू द्या.

८ मार्च, गुरुवार

साडेचारला वाचनालय सुटलं. सरळ घरी आले.

मी जानेवारीपासून लिहिलेलं वाचून पाहिलं. 'तिला पडसं झालं आहे.' 'खात्री करायला हवी.' 'काम होतं.' प्रत्येक वाक्य वेगळं घेतलं तर खरं आहे, एक सोडून. मी मोजण्यात इतकी काटेकोर, आणि हे मला तेव्हा एका रांगेत दिसलं नाही. कशासाठी थांबले होते? लेखासाठी नाही, ते खरंच. लेख मी त्याच दिवशी मागे घेऊ शकले असते. गुरुवारचे चहा एकदा गेले की परत मागता येणार नव्हते.

हे लिहायला आठ आठवडे आणि दोन दिवस लागले.

१० मार्च

पत्रिकेला लेख परत मागण्याचं पत्र टाकलं. लाइल म्हणतो, उलट आता लेख जास्त चांगला झालाय, स्थलांतर केलेली हातोडी म्हणजे पदक नक्की. मी म्हणाले, तू लिही. तो म्हणाला, "मला स्पेलिंग येत नाही," आणि विषय बदलला. मग डोरीननं रविवारी जेवायला बोलावलं आहे असं सांगितलं.

१५ मार्च, गुरुवार

सरळ घरी.

२१ मार्च, बुधवार

दुपारी संदर्भ विभागात तिच्या शेजारणीचा फोन. मिसेस डनफर्ड आठवडाभर दवाखान्यात होती, काल घरी आली. हात थरथरतो, लिहिता येत नाही. निरोप असा की उद्या गुरुवार आहे, मापाडीबाईला म्हणावं पेन घेऊन ये, पट्टी नको.

२२ मार्च, गुरुवार

गेले. ती पलंगावर उशांना टेकून होती, पूर्वीच्या निम्मी झालेली. मी दारात उभी राहिले. ती म्हणाली, "बस. माफी मागत बसू नकोस, दम पुरवून वापरायचाय."

दोन कामं होती. पहिलं केलमियरच्या दगडाचं. आल्बर्टचं नाव आणि साल घासून काढायचं, दुसऱ्याचं नाव पोराच्या छातीवर नको. 'विनिफ्रेडचा भाऊ' राहू द्यायचं. डॅफोडिल आल्यावर तिला जाता आलं नाही तर मी जायचं. मी वहीत लिहून घेतलं आणि दगडवाल्याला उद्या फोन करते म्हणाले. तिनं विचारलं, उद्या का, त्याच्याकडे आज फोन नाही का? मी उठून तिच्याच स्वयंपाकघरातून फोन केला. बर्फ सैल झाला की पहिलं काम हेच करीन म्हणाला.

दुसरं काम पत्राचं, भाचीला. तिनं ते आठवडाभर मनात जुळवून ठेवलं होतं. डोळे मिटून सलग सांगत गेली. तुझ्या बापाला लहानपणी उकडलेलं गाजर आवडायचं नाही, मी माझ्या ताटातली पावाची कड त्याला देऊन ते खायची. बोटीत त्याला ओकाऱ्या झाल्या. त्याला शीळ घालता यायची, मला नाही. त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, तुझे आहेत का? बर्फ सरून बसगाड्या सुरू झाल्या की ये. पाहुण्यांची खोली नाही, माझ्या खोलीत झोपावं लागेल. मी घोरते. लवकर ये.

मी उतरवत होते. 'प्रिय विनिफ्रेड' लिहून मी शेजारी पाहिलं; हीही विनिफ्रेडच. शेवटी तिनं सही केली, वेडीवाकडी, पण स्वतः. मी कागद घडी घालू लागले.

"थांब," ती म्हणाली. "वर काय लिहिलंस? नुसतं नाव?"

मी म्हणाले, पत्ता पाकिटावर मागच्या बाजूला घालणार आहे, शिवाय शिक्का असेलच.

तिनं डोळे उघडले.

"कागदावर लिही. घर क्रमांक, रस्ता, गाव, प्रांत, फोन, सगळं. आजची तारीखही. शिक्क्यावर सोडू नकोस."

मी लिहिलं. तिनं कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून प्रत्येक ओळ तपासली, आणि एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, सात आहे की एक, नीट काढ.

मी नीट काढला. पावणेसहाला पेटीतलं टपाल उचलायच्या आत पत्र टाकायचं होतं, म्हणून चहा न घेताच निघाले.